पंच्याहत्तर किलोच्या वर

बॉक्सिंगच्या हॉलमध्ये तिला सगळे थोरली म्हणत. वय चौतीस, वजन चौऱ्याऐंशी, आणि उंची अशी की कुठल्याही दारातून जाताना मान आपोआप थोडी खाली जावी. बायकांच्या सर्वांत वरच्या गटाची, म्हणजे पंच्याहत्तर किलोच्या वरच्यांची, ती आठ वर्षं विजेती होती. आठही पदकं घरी खिडकीच्या कडीला टांगलेली असत. वारा सुटला की ती एकमेकांवर आपटत आणि तिची वहिनी आतून ओरडे, "वन्सं, तुमची कीर्ती वाजतेय बघा. मांजर पळालं."

पोटापाण्यासाठी ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात होती. चादरींचा मोठा तापता रोलर तिच्याकडे असे. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कडक, गरम चादर ओढून घ्यायची, चार घड्या, थप्पी. दिवसभरात हजारभर चादरी. हात लांब आणि खांदे रुंद झाले ते तिथेच, असं ती सांगायची. बॉक्सिंग नंतर आलं.

स्पर्धेला पाच दिवस राहिले तेव्हा ती नाव नोंदवायला संघटनेच्या ऑफिसात गेली. सचिव एके काळचे बॉक्सर. त्यांचं नाक डावीकडे कललेलं होतं, त्यामुळे ते नेहमी शेजारच्याशीच बोलतायत असं वाटे. त्यांनी अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाले, "चला, यंदाचं शेवटचं."

"कुणाचं शेवटचं?"

"तुमच्या गटाचं. बंद करायचं ठरलंय. पत्र नाही मिळालं?"

तिला आधी ती थट्टाच वाटली. "माझा गट? मी विजेती आहे त्या गटाची."

"तेच तर. आठ वर्षांत किती लढती मारल्यात, सांगा बघू."

ती बोटं मोजायला लागली आणि दोनावर थांबली. एका मुलीचा पाय दुसऱ्या राउंडला मुरगळला होता. दुसरीने पहिल्याच मिनिटाला रेफरीला सांगितलं होतं की मला घरी जायचंय. बाकी सगळी वर्षं समोरचा कोपरा रिकामा. रिंगमध्ये जायचं, हात वर, न लढताच पुढे चाल, पदक. हे तिला माहीत होतंच. पण असं एका दमात मोजलं कधी नव्हतं.

"यंदा एक तरी खरी लढत झाली तर बघू," सचिव म्हणाले. "नाही तर पुढच्या वर्षी गट नाही."

"मुलीच नाहीत, त्याला मी काय करू?"

"मुली नाहीत?" त्यांनी खालच्या गटाची यादी तिच्याकडे सरकवली. "एकोणीस आहेत."

ती यादीवरून बोट फिरवत गेली. तिसऱ्या नावावर बोट थांबलं. मग पाचव्यावर. सहाव्यावर, सातव्यावर. एकोणिसांपैकी अकरा जणी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. हाताखालून म्हणजे तिच्या ड्रायरच्या खोलीतून.

कारण थोरलीची खरी कीर्ती पदकांची नव्हतीच. ती होती वजन उतरवण्याची. अठ्ठ्याहत्तर किलोची मुलगी वजनाच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्याकडे सोपवावी आणि सकाळी पंच्याहत्तरची न्यावी. धुलाईघराची पाळी संपली की ड्रायरच्या खोलीत भट्टीसारखी धग उरलेली असे. तिथे दोन स्वेटर चढवून दोरीवरच्या उड्या, मग चादरीत गुंडाळून बसवणं, मग परत उड्या. थोरली शेजारी स्टुलावर बसून मुलीची नाडी बघायची, कपाळ पुसायची, चूळ भरायला पाणी द्यायची आणि ते थुंकलं की नाही हे डोळ्यांत तेल घालून बघायची. कुणी रडायला लागली की सांगायची, "उतरव गं तीन किलो. वर राहून काय करशील? वर कुणी नाही. मी एकटी बसलेय भुतासारखी. लढती खाली आहेत."

हे ती मनापासून सांगायची. आणि सांगताना तिला थोडं बरंही वाटायचं, हे आता, यादीवर बोट ठेवून उभी असताना, तिच्या लक्षात आलं.

"बाई," सचिव सावकाश म्हणाले, "हा गट तुमच्याइतका कुणी रिकामा केला नाही."

समोरून येणारा ठोसा दिसतो, त्याचं एवढं काही नसतं. जो दिसत नाही तोच पाडतो. ती ऑफिसच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली.

घरी तिने वहिनीला सांगितलं. वहिनी भांडी विसळत होती, तिचा हात थांबला. "म्हणजे आलेल्या प्रत्येकीला स्वतः वाटेला लावलंत, आणि आठ वर्षं आम्हाला ऐकवलंत की माझ्याशी लढायला कुणी येत नाही?"

"मला कळलंच नाही गं."

"कसं कळेल? वाजतायत ना ती." वहिनीने खिडकीकडे बघितलं.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मास्तर आले. मास्तर म्हणजे हॉलचे प्रशिक्षक, नऊ वर्षांपूर्वी तिला रोलरवर बघून "बाई, तुम्ही कधी कुणाला मारलंय का?" असं विचारणारे. बरोबर बेकरीची डिलिव्हरी गाडी चालवणारी एक मुलगी होती, एकवीस-बावीसची. तिला सगळे बेकरीवालीच म्हणत.

"सत्त्याहत्तर आठशे," मास्तर म्हणाले. "तुझ्या डाव्या हातचा मळ. घे ताब्यात."

थोरलीने दोरी काढली नाही. स्वेटर काढले नाहीत. "नाही उतरवणार," ती म्हणाली.

"काय?"

"वरच लढू दे तिला. माझ्याशी."

मास्तरांनी आधी तिच्याकडे, मग ड्रायरकडे बघितलं, जणू धग तिच्या डोक्यात गेली असावी. मुलगी मात्र भडकली. "वर्षभर मी खालच्या गटासाठी मरतेय, ताई. निवडणारे तिकडे बसतात. तुमच्याशी लढून मला काय मिळणार? तुम्हीच सांगत होतात ना सगळ्यांना?"

"सांगत होते."

"मग?"

थोरलीला म्हणायचं होतं की गटासाठी मागतेय, पुढच्या मुलींसाठी मागतेय. पण तोंड उघडल्यावर ते खोटं वाटलं. "मला माहीत नाही मी बॉक्सर आहे की नाही," ती म्हणाली. "आठ वर्षं कुणी विचारलंच नाही. तू विचार."

मास्तर "अगं पण" म्हणाले आणि मुलीकडे बघू लागले. मुलगी धुतलेल्या उशांच्या अभ्र्यांच्या टोपलीवर टेकली. रोलर थंड होताना टिकटिक आवाज करत होता.

"आणि मी तुम्हाला पाडलं तर?"

"तर पाड."

मुलीने पिशवीतून बेकरीचा उरलेला पाव काढला, अर्धा मोडला आणि खाल्ला. वजनाच्या आदल्या दिवशी कुणी पाव खात नाही. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गट पुकारला गेला तेव्हा लोक चहाला उठायच्या बेतात होते. दोन्ही कोपरे भरलेले बघून काही जण परत बसले.

पहिला ठोसा थोरलीच्या नाकावर बसला. फार जोराचा नव्हता. पण ती इतकी दचकली की तिने रेफरीकडे बघितलं, जणू त्याने याचा जाब विचारावा. तेवढ्यात दुसरा बसला. आपल्याला नाक आहे, बरगड्या आहेत, पोट आहे, आणि या सगळ्यापर्यंत एक परकी मुलगी हात पोचवू शकते, हेच तिच्या डोक्यात शिरेना. आठ वर्षं ती रेतीच्या पिशवीला मारत होती; सरावालाही तिच्यासमोर कुणी उभं राहत नसे. पिशवी उलटून मारत नाही. तिसऱ्या ठोशाला ती एका गुडघ्यावर आली आणि वरून कुणीतरी आकडे मोजताना ऐकू आलं. चार. पाच. हे आपल्यासाठी चाललंय, हे तिला सहावर समजलं. आठवर ती उभी राहिली.

मधल्या मिनिटात मास्तर ओरडले, "हात खाली का येतायत?"

"ते वर कधी होते?" ती धापा टाकत म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराने हादरली.

दुसऱ्या राउंडला तिने हात वर ठेवले. तिसऱ्याला तिचा उजवा बसला, नीट, खांद्यातून आलेला. मुलगी दोन पावलं मागे गेली आणि तिच्या डोळ्यांत थोरलीला पहिल्यांदा आपला धाक दिसला. हॉलमध्ये मोठा आवाज उठला. तो कशाचा हे बघायला तिला सवड नव्हती.

निकाल पाच पंचांपैकी चार मुलीच्या बाजूने. एक थोरलीच्या.

कपडे बदलायच्या खोलीत ती ओठावर बर्फ धरून बसली होती. सचिव दारातून डोकावले, "गट राहिला हो बाई," एवढं म्हणून गेले. तिला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. एका पंचाने तिच्या बाजूने कौल दिला होता. त्या एकाचा चेहरा बघायचा राहून गेला.

बेकरीवाली शेजारी येऊन बसली. डाव्या डोळ्याखाली चांगलीच सूज होती. पदक मुठीत धरलेलं.

"काय हात आहे तुमचा, ताई. अजून कानात वाजतंय."

"खाल्लंस का काही?"

"खाईन. ऐका ना." मुलगी जवळ सरकली. "पुढच्या वर्षी मात्र मला उतरवून द्या हं. तीनच किलो. आता वर राहून मी कुणाशी लढू?"

थोरलीने ओठावरचा बर्फ काढला आणि तिच्याकडे बघतच राहिली. तिचेच शब्द, तोच आवाज, तीच सहज माया.

"मी काय मेले?"

मुलगी हसली. मग थोरली हसत नाही हे तिला दिसलं, आणि तिचं हसू तिथेच थांबलं.