मामाजींचं नवटाक

आमच्या घरात दारूची बाटली एकदाच आली, आणि ती मी आणली. मी तेव्हा राजूरच्या महिला मंडळाची अध्यक्ष होते. देशी दारूचं दुकान बंद करा म्हणून त्याच दुकानावर आमचा मोर्चा नुकताच जाऊन आला होता.

झालं असं, की मामाजींचा (म्हणजे माझ्या सासऱ्यांचा) गुडघा धरला. "सूनबाई, नवटाक देशी आण. चोळली का मोकळा होते," ते म्हणाले. हे खाणीत ड्यूटीवर. दुसऱ्या कोणाला पाठवलं तर गावभर होईल, म्हणून मीच गेले. माझ्यावर कोण संशय घेणार?

मला पाहताच गिऱ्हाईकं ग्लास टाकून पळाली. दुकानदारानं शटर अर्धं ओढलं.

"मॅडम, आज पुन्हा मोर्चा?"

"नाही हो. नवटाक द्या."

"कायचं नवटाक? आता नव्वद मिली भेटते, नाई तं एकशेऐंशीचा पव्वा."

मी शाळेतली बाई. शेराचा चौथा भाग पावशेर, त्याचं अर्धं नवटाक, म्हणजे साधारण एकशेपंधरा मिली. मग नव्वद कमी पडेल आणि पव्वा जास्त होईल, असं मी समजावत बसले. तोवर पळालेले सगळे परतून ऐकत उभे होते. एकानं फोटोही काढला. शेवटी, उरली तर उद्या चोळता येईल, म्हणून पव्वा घेतला.

मी बाटली मामाजींना देऊन स्वयंपाकाला लागले, तोच फोटो पाहून मंडळाच्या बायका दारात. सगळ्यांत पुढे उपाध्यक्ष शोभाताई.

"बाई, हे खरं हाय का?"

"अहो, मामाजींच्या गुडघ्याला आणली. चला, दाखवते."

मामाजी खाटेवर प्रसन्न बसलेले. बाटली रिकामी. गुडघा कोरडा ठणठणीत.

"मामाजी, दुखणं कसं हाय?" शोभाताईंनी विचारलं.

"तसंच हाय. पण आता त्याचं कायी वाटून नाई राह्यलं."

मामाजी पुढे बोलले. "माहा दोस्त गणपत होता तवा दर बाजाराले आमी दोघं एक नवटाक घेत होतो. अर्धं त्याचं, अर्धं माहं. तो गेला. आज लय आठवला, पोरी. सरळ मागतली असती तं तू देली नसती."

खरंच दिली नसती. शोभाताईंनी डोळ्याला पदर लावला आणि बायका आल्या पावली परतल्या.

माझं अध्यक्षपद टिकलं. फक्त हल्ली कोणाच्या घरी म्हाताऱ्याचं काही दुखलं, की बायका हळूच येऊन विचारतात, "बाई, किती आणू?" आणि मी, दारूबंदीची अध्यक्ष, अचूक माप सांगते.