काका बस आता

आमचा कुत्रा गावठी. रस्त्यावरून उचलून आणलेला, अंगाने किडकिडीत, पण समोरून दुसरा कुत्रा आला की त्याच्या अंगात येतं. गंगापूर रोडला एका सकाळी भाजीच्या गाडीपाशी त्याने असा हिसका दिला की नवरा कोथिंबिरीच्या जुड्यांवर आडवा झाला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "हे निघेपर्यंत वाट बघू. सुधारला तर ठीक, नाहीतर पिंपळगाव."

पिंपळगाव बसवंतला माझ्या दिराचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. त्याचा लगेच फोन आला. "पाठवून द्या वहिनी. राखणीला कुत्रा लागतोच. जागा बी लय हाय." जागा भरपूर आहे, हे मला माहीत होतं. दिवसभर साखळी आणि रात्री टेम्पोंच्या चाकांमधून भुंकत फिरायचं, हेही माहीत होतं. आमचा हा फ्रिजला पाठ लावून झोपतो. त्याला तिकडे धाडायला मी तयार नव्हते.

आमच्या भागात कुत्रेवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. 'कुत्रेवाले' हा शब्द माझा. तिथे कुत्र्याला कुत्रा म्हटलेलं चालत नाही, 'बेबी' म्हणावं लागतं. मी निमूटपणे बेबी लिहिलं आणि सल्ला विचारला. दोघं मदतीला आले.

एक काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून ते आणि त्यांची म्हातारी अल्सेशियन असे दोघंच राहतात. तिला त्यांनी जुन्या पद्धतीने शिकवलं होतं. गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढलं की आवळणारी साखळी, आणि चुकलं की एक झटका. दुसरी एक तरुण मुलगी, ट्रेनिंगचा कोर्स करून आलेली. कमरेला बटवा, त्यात उकडलेल्या चिकनचे तुकडे. तिचं म्हणणं, दूरवर एक शांत कुत्रा उभा करायचा. आपल्या कुत्र्याने त्याच्याकडे बघून, न भुंकता आपल्याकडे मान वळवली की लगेच तुकडा द्यायचा. मग अंतर हळूहळू कमी करत जायचं.

आता अख्ख्या भागात शांत कुत्रा एकच, काकांची अल्सेशियन. त्यामुळे काका रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकमागच्या मैदानाच्या टोकाला तिला घेऊन उभे राहायचे. "हा खाऊवाटपाचा कार्यक्रम किती वेळ चालायचाय?" असं तिथूनच ओरडायचे. मुलगी हसायची. आमचा हळूहळू वळायला लागला होता. मला आशा वाटत होती.

आणि ग्रुपवर कुणीतरी विचारलं, पिल्लाला बसायला कसं शिकवायचं?

काकांनी लिहिलं, "मागून दाबायचं आणि 'बस' म्हणायचं." मुलीने लिहिलं, "दाबायचं नाही. खाऊ नाकावरून वर न्यायचा, आपोआप बसतो, मग 'बस' म्हणायचं." इथवर ठीक होतं. मग काकांनी 'लाच' हा शब्द काढला, तिने 'मारझोड' काढला, आणि ज्यांच्या घरी मांजरसुद्धा नाही असे लोक व्हिडिओ टाकायला लागले. आपल्या मराठीत भांडण तापलं की आदर वाढतो. 'तुम्ही'चं 'आपण' झालं. "आपण थोर आहात." "आपला अनुभव दांडगा असेल, आपल्या काळात." सकाळी एकमेकांना हसून हात करणारी ही माणसं. शेवटी मुलीने 'बेबी' सोडून सरळ लिहिलं, "जो कुत्रा इकडेतिकडे बघतसुद्धा नाही, तो शिकलेला नसतो. भ्यायलेला असतो."

मी कणीक मळत होते. चिकट हातानेच फोन घेतला आणि लिहिलं, "काका बस आता".

मला म्हणायचं होतं, पुरे झालं. पण सकाळपासून त्या ग्रुपवर 'बस' हा शब्द फक्त कुत्र्यांना उद्देशून चालला होता. काकांचं उत्तर आलं, "बसलो." आणि पाठोपाठ, काका ग्रुप सोडून गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानाचं ते टोक रिकामं होतं. तिसऱ्याही दिवशी. आमचा कुत्रा तिकडे बघून कुणी येतंय का याची वाट पाहायचा. मग एक भटका कुत्रा दिसला आणि आमच्या कुत्र्याने पुन्हा मला फरफटत नेलं. मुलगी रडवेली झाली होती. नवऱ्याचं प्लास्टर दोन-चार दिवसांत निघणार होतं.

मी काकांच्या घरी गेले. "यावं आपण. बसावं," ते म्हणाले. माझं डोकं फिरलं. शाळेत जन्मभर मराठी शिकवणाऱ्या मला एका शब्दावरून कुणी असं छळावं?

"काका, मी तुम्हाला कधी अरेतुरे केलंय? 'बस' म्हणजे पुरे हो!"

"मग पुरे लिहायचं. मराठीच्या बाई ना तुम्ही?"

"तुम्हाला कळलं होतं. उगाच रुसलात."

त्यांनी मागे वळून पाहिलं. अल्सेशियन त्यांच्या खुर्चीमागे पडून होती. मग म्हणाले, "कळलं होतं. तुमच्या शब्दाचं नाही वाटलं मला. त्या पोरीने जे लिहिलं ना, ते डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं ही माझ्यासोबत चालतेय. इकडेतिकडे बघत नाही, हे खरंय. भीतीने चालली असेल का हो?"

त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि त्या मुलीचा रागही आला. मी एवढंच म्हणाले, "उद्या मैदानावर या. तिलाच विचारा."

ते आले. मुलगी पुढे झाली. काकांनी नमस्कार-चमत्कार न करता तेच विचारलं. ग्रुपवर ज्या मुलीकडे सगळ्याची उत्तरं असतात, ती खाली बघून म्हणाली, "मला माहीत नाही, काका. मी लिहिलं तेव्हा ही माझ्या डोळ्यांसमोर नव्हती."

काकांनी मान हलवली. अल्सेशियनला टोकाशी नेऊन बसवलं. पहिल्यांदाच तिच्या गळ्यातली चेन काढून खिशात टाकली आणि पाठ फिरवून ते आमच्याकडे चालत आले. म्हातारी जागची हलली नाही. फक्त त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"काका," मुलगी एकदम ओरडली, "मागे बघा!"

काका वळले. म्हातारीचं शेपूट जमिनीवर धूळ उडवत होतं. ते वळल्यावर ती उठली आणि दुखऱ्या पायांनी लगबगीने त्यांच्याकडे निघाली. वाटेत कुणाकडेही तिने पाहिलं नाही. काका वाकले, त्यांना धड वाकता येत नाही, तरी वाकले, आणि त्यांनी तिचं डोकं पोटाशी धरलं. मुलगी डोळे पुसत होती. मीही.

ती दोघं आमच्यापासून हाताच्या अंतरावर होती. इतक्या जवळ आम्ही कधीच आलो नव्हतो. मी दचकून पाहिलं तर पट्टा माझ्या हातात नव्हताच. डोळे पुसायला म्हणून मी तो कधी नवऱ्याकडे दिला, मला आठवत नाही. नवरा त्या दिवशी मुद्दाम बघायला आला होता. पट्टा त्याच्या डाव्या हातात होता, जमिनीला टेकेल इतका सैल. आमचा कुत्रा त्याच्या पायाशी उभा राहून त्या दोघांकडे बघत होता. मग त्याने मान वळवली आणि वर नवऱ्याकडे पाहिलं.

"याला द्यायला काही आहे का?" नवऱ्याने हळूच विचारलं. मुलीने बटवा पुढे केला. एक तुकडा खाऊ घालून नवरा मला म्हणाला, "दिराला तुझ्या फोन कर. म्हणावं, राखणीला दुसरा बघ."