वास बघा की

दारात चपला काढल्या की अक्का आधी मोरीत जायच्या. साबण लावून खसाखसा हात धुवायच्या, पदराला न पुसता नुसते हवेत झटकायच्या आणि तसेच ओले हात माझ्या नाकासमोर धरायच्या.

"वास बघा की, बाई. येतंय का?"

"नाही येत."

"खरं सांगा की."

"अहो, नाही येत म्हटलं ना. बसा आता."

मग त्या स्वतः एकदा हात हुंगायच्या, तरी पटलेलं नसायचं, आणि भिंतीजवळच्या आपल्या जागेवर जाऊन बसायच्या. पदराला हात पुसायच्या नाहीत, कारण पदरालाही तोच वास. तंबाखूचा.

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी कधी फिरला असाल तर अक्कांसारख्या बायका तुम्ही पाहिल्याच असणार. उंबऱ्यात पाय पसरून बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. तोंडाने तेलुगूत गप्पा आणि बोटं आपली बिड्या वळतायत. अक्का परकर नेसायच्या वयापासून बिड्या वळत होत्या. माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, ती सुपावरच वाढवली.

मी घराच्या पुढच्या खोलीत क्रोशाचा क्लास घेते. येणाऱ्या बहुतेक पोरी मोबाईलवर काहीतरी बघून येतात आणि एका आठवड्यात ससा नाहीतर बाहुली करून मागतात. कुणाला रुखवतात मांडायला तोरण हवं असतं, कुणाला मैत्रिणीला भेट द्यायची असते. त्यात एक दिवस या दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत लोकरीचे गुंडे, पिवळे आणि पांढरे.

"लहान बाळाचं बिलँकेट शिकवता का?"

मी म्हटलं, "अक्का, चादरींच्या गावात राहून ब्लँकेट विणायचंय तुम्हाला? आणि तेही या आपल्या उन्हात?"

"बाळ पुण्याला हाय की. तितं थंडी असती."

माझी जीभ जरा तिखटच आहे. पण त्या चिडल्या नाहीत. आत आल्या आणि बसल्या.

पहिले काही दिवस त्यांनी मला रडकुंडीला आणलं. बोटं भराभर चालायची, पण लोकर अशी आवळून ओढायच्या की पुढच्या ओळीत सुई शिरायलाच तयार नाही. साखळी घालायला सांगितली की तिची सुतळी व्हायची.

"अक्का, सैल सोडा."

"सोडलं की."

"हे सैल? याच्यावर पापड लाटता येतील."

पोरी हसायच्या, त्यांच्याबरोबर त्याही हसायच्या. "काय करू बाई? सैल बिडी छाटात जाती. हाताला सैल म्हाईतच न्हाय."

छाट म्हणजे काय ते मला अक्कांनीच सांगितलं. कारखान्यात बिड्या द्यायला गेलं की तिथला माणूस एकेक कट्टा, म्हणजे दोऱ्याने बांधलेली बिड्यांची जुडी, हातात घेऊन बघतो. सैल, वाकड्या, फाटक्या पानाच्या बिड्या बाजूला काढतो. त्या छाट. त्या गेल्या त्या गेल्या, त्यांची मेहनत मातीत. बाई घरी काय वळून आली याला किंमत नाही, छाट काढून काय उरलं त्याला.

त्यामुळे एखादा चौकोन विणून झाला की अक्का तो माझ्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "छाट काढा."

"इथे छाट नसते हो. चुकलं तर उसवायचं, परत विणायचं."

"तीच लोकर? परत?"

"तीच."

हे त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी एक चांगला जमलेला चौकोन मुद्दाम उसवून पाहिला. लोकर सरसर सुटत गेली तशा हसत सुटल्या. "बिडी उसवता येत न्हाय बाई," म्हणाल्या. नंतर कितीतरी वेळ ती कुरळी झालेली लोकर मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

हात जरा सैलावल्यावर मी त्यांना घरी चौकोन करून आणायला सांगितलं. बाकीच्या पोरी आपलं काम पिशवीत कोंबून आणतात. अक्कांनी चौकोन एकावर एक नीट रचले होते आणि दोऱ्याने गच्च बांधून आणले होते. अगदी बिडीचा कट्टा असतो तसा, दोऱ्याचं टोक आत खोचलेलं. क्लासमध्ये हशा पिकला. मीही हसले. मग मी दोरा सोडला आणि चौकोन पसरले, तसा खोलीभर तंबाखूचा वास सुटला. घरी एका बाजूला सूप आणि एका बाजूला लोकर, दुसरं होणार काय. भुकटी टाक्याटाक्यांत बसली होती.

शेजारची पोरगी शिंकली. एवढंच झालं. तिने काही नाक मुरडलं नव्हतं, बिचारीला शिंक आली.

पण अक्कांचा चेहरा असा उतरला की मी बघतच राहिले. त्यांनी सगळे चौकोन गोळा केले, पुन्हा रचले, दोरा गच्च बांधला आणि कट्टा माझ्या टेबलाच्या कडेला सरकवला.

"सगळं छाट. टाकून द्या."

पोरी गेल्यावरही त्या उठल्या नाहीत. तेव्हा त्यांच्या तोंडून मला सगळं समजलं.

मुलगी शिकली, पुण्यात नोकरी असलेल्या मुलाला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण सासरच्यांनी पाठवलं नाही. एका खोलीचं घर, घरात तंबाखूची पोती, बाळाला कसं सोसायचं? "त्येंचं काय चुकलं न्हाय," हे अक्काच म्हणाल्या. बारशाला पुण्याला गेल्या तेव्हा नवी साडी नेसून गेल्या, हात घासघासून गेल्या. नातीला मांडीवर दिलं. ती शिंकली. परत शिंकली. विहीणबाईंनी चटकन तिला उचललं आणि म्हणाल्या, "हाताला वास आहे हो तुमच्या." त्यानंतर दिवसभरात कुणी ते बाळ अक्कांच्या हातात दिलं नाही.

"आणि तुमची पोरगी? ती काही बोलली नाही?"

"ती काय बोलणार? तिलाबी वास येत असंल की आता. लहान होती तवा माझ्या पदरात तोंड खुपसून झोपायची. तवा येत नव्हता."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सरळ उठून निघून यायचं होतं तुम्ही."

अक्का म्हणाल्या, "मला बाळ परत घ्यायचंय बाई. एकदा तरी. भांडून कसं मिळंल?"

त्या दिवसापासून लोकर त्यांच्या घरी गेली नाही. सकाळचं काम उरकून, साडी बदलून त्या भर दुपारी चालत माझ्याकडे यायच्या आणि माझ्याच घरी विणायच्या. बेसन लावून झालं, लिंबू चोळून झालं, कुणी सांगितलं म्हणून चिंचेच्या कोळात हात बुडवून झाले. आणि रोज ते हात माझ्या नाकासमोर.

आता तुम्हाला खरं सांगते, वास यायचा. रोज यायचा. तो कातडीवर नव्हताच, बोटांच्या पेरांत मुरला होता, तो कुठल्या साबणाने जाणार? पण त्या अशा काही आशेने बघायच्या की मी दुसरं काय म्हणणार होते, तुम्हीच सांगा.

हिवाळाभर चौकोन वाढत गेले. खोकला आला की अक्का सुई खाली ठेवून अंगणात जायच्या, लोकरीपासून लांब उभ्या राहून खोकायच्या आणि परत येऊन पुन्हा हात धुवायच्या. "डॉक्टरला दाखवा," मी दर दोन दिवसांनी कटकट करायची. "खोकला तर लगनाच्या आधीपासनं हाय," त्या म्हणायच्या. आमच्या पूर्व भागात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, म्हणून मीही फार ताणून धरलं नाही.

जोडकाम मी शिकवलं, कड त्यांनी स्वतः विणली. कडेला एक डौल आला होता. आवळलेला टाका एकही नव्हता. पूर्ण झालं त्या दिवशी पोरींनी टाळ्या वाजवल्या आणि अक्कांनी ते माझ्या हातात देऊन सांगितलं, "चांगल्या वासाच्या साबणात धुवा. दोनदा धुवा."

मी दोनदा धुतलं, सावलीत वाळवलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या. ब्लँकेट पलंगावर पसरलेलं होतं. अक्कांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि नुसत्या वाकून, नाक टेकवून त्याचा वास घेतला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"आता न्हाय शिंकणार," म्हणाल्या.

मी म्हटलं, कुरिअरने पाठवून देऊ, दोन दिवसांत पोचेल. तर नाही. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला त्या स्वतः नेणार होत्या. तोवर ते माझ्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या शेजारी. निघायच्या दिवशी माझ्याकडून बंद पिशवीत घ्यायचं आणि एसटीत पिशवी उघडायची नाही, इथपर्यंत ठरलं होतं.

"मी आधी हे मांडीवर टाकणार," त्यांनी मला करून दाखवलं, "असं हातावरनं घेणार. मग यात बाळाला घेणार. माझा हात तिला लागणारच न्हाय की."

एवढं सगळं विणकाम त्यासाठी चाललं होतं. मला वाटत होतं, भेटवस्तू आहे. माझ्याने तिथे उभं राहवेना, मी चहा टाकायला आत गेले आणि चहा उकळून आटला तरी बाहेर आले नाही.

वाढदिवस जवळ आला आणि अक्का यायच्या थांबल्या. दोन दिवस मला वाटलं, प्रवासाची तयारी चालली असेल. मग त्यांची शेजारीण सांगत आली की दवाखान्यात नेलंय, दम लागलाय. मी गेले. तोंडाला मास्क, हाताला सुई टोचून चिकटपट्टी लावलेली. मला बघून त्यांनी तो हात हळूहळू उचलला आणि माझ्याकडे केला. बोलता येत नव्हतं. डोळ्यांनीच विचारत होत्या.

मी वाकून वास घेतला. हाताला स्पिरिटचा वास होता, औषधांचा होता. तंबाखूचा नव्हता.

"नाही येत अक्का," मी म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते खरं होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का गेल्या.

मुलगी माझ्याकडे आली ती महिन्याभराने, कडेवर बाळ घेऊन. शेजारणीने तिला माझा पत्ता दिला होता. मी मनातून तिच्यावर रागच धरून होते. बारशाला आईच्या बाजूने बोलली नव्हती ना, तो राग. दार उघडलं, आत घेतलं, पण "बस" सुद्धा धड म्हटलं नाही.

"आई तुमच्याकडे यायची ना?" ती म्हणाली. "मला तिसऱ्या दिवशीच परत जावं लागलं होतं. काल आले तर मामांनी घराला चुना काढलेला. साड्या वाटून टाकल्या, गोधडी वाटली, सूप कुणालातरी दिलं. कपाट उघडलं तर रिकामं. आईचं काही आहे का तुमच्याकडे?"

मी ब्लँकेट आणून दिलं आणि का विणलं तेही सांगितलं. मांडीवर कसं टाकणार होत्या, हातावरून कसं घेणार होत्या, सगळं. जरा कठोरपणेच सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने बाळाला खाली बसवलं आणि ब्लँकेट तोंडाशी नेलं. एक कोपरा हुंगला, दुसरा हुंगला. घडी मोडून आतून हुंगलं. काहीतरी हरवलेलं शोधावं तशी ती त्या लोकरीत शोधत होती.

"याला आईचा वासच नाही," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

माझा राग कुठच्या कुठे गेला. काय सांगणार होते मी तिला? दोनदा धुतलंय म्हणून?

मग मला तो कट्टा आठवला. टाकून द्या म्हणाल्या होत्या, पण मी चिकट बाई, लोकरीचा तुकडासुद्धा माझ्याच्याने टाकवत नाही. झाकणाच्या डब्यात ठेवला होता. डबा काढला, झाकण उघडलं. दोऱ्याचं टोक अजून तसंच आत खोचलेलं, चौकोन गच्च आवळलेले. आणि वास, अक्का नुकत्याच दारात चपला काढून आल्यासारखा.

मी तो तिच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी धरून त्यात तोंड खुपसलं. बराच वेळ तिने डोकं वर काढलं नाही. बाळ रांगत आलं, आईच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं आणि कट्टा ओढायला लागलं. मुलीने तो त्याच्या नाकाजवळ नेला आणि तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला त्यातलं एकच कळलं, अम्मम्मा. म्हणजे आईची आई.

बाळ शिंकलं. परत शिंकलं.

कट्टा बाजूला घ्यायला माझा हात पुढे झाला. मुलीने तो धरून थांबवला.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "शिंकू दे तिला."