काकूंचं ‘आपण’

कॉलनीत त्यांना सगळे बातम्यावाल्या काकू म्हणत. केस काळेभोर होते तेव्हापासून त्या टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या वाचत होत्या. त्यांचा रुबाबच असा, की भाजीवालासुद्धा त्यांना भाव सांगताना शुद्ध बोलायचा.

युद्ध सुरू झालं तेव्हा काकूंचा एकुलता एक मुलगा सीमेवर तोफखान्यात होता. काकू घरी देवाला हात जोडायच्या आणि स्टुडिओत पावडर लावून ताठ बसायच्या. वाहिनीची भाषा मात्र एका रात्रीत बदलली. कालपर्यंत ‘लष्कराने पूल उडवला’ असं लिहिणारे आता लिहू लागले, ‘आपण पूल उडवला’, ‘आपण टेकडी घेतली’. ज्या संपादकांना जिना चढताना धाप लागायची, त्यांनीही बसल्या जागी टेकडी घेतली!

काकूंना त्याचं वावडं नव्हतं. पोटचं पोर तिकडे असताना त्यांनी ‘आपण’ म्हणायचं नाही, तर कोणी म्हणायचं?

मग तो दिवस उजाडला. नेम चुकून आपला एक गोळा सीमेपलीकडच्या एका गावच्या भरबाजारात पडला. लष्कराने स्वतःच्या पत्रकात ते सरळ कबूल केलं होतं. काकूंच्या हातातल्या कागदावर मात्र होतं, ‘आपण शत्रूचा तळ जमीनदोस्त केला. बाजारात स्फोट झाल्याचे समजते.’

“स्फोट झाला म्हणजे?” काकूंनी विचारलं. “तिथे काय गॅसची टाकी फुटली?”

“काकू, देशाचा प्रश्न आहे,” संपादक म्हणाले. “अशा वेळी शब्द जपून वापरायचे असतात.”

“जिंकलं की आपण, आणि चुकलं की आपोआप झालं, असंच ना?”

“तुमचा मुलगा तिथे आहे, निदान त्याचा तरी विचार करा.”

हे मात्र काकूंना झोंबलं. त्या तडक खुर्चीवर जाऊन बसल्या. लाल दिवा लागला. तळाची बातमी त्यांनी ठणठणीत आवाजात वाचली, मग कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “आज आपण एका बाजारावर गोळा टाकला. नेम चुकला, असं आपल्या लष्कराने म्हटलं आहे. बाजारात माणसं होती.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांना हवामान वाचायला बसवलं. कॉलनीत कुजबुज सुरू झाली. समोरच्या वहिनींनी तर तोंडावरच विचारलं, “पोरगा तिकडे जिवावर उदार होऊन लढतोय, आणि आईनेच असं करावं?” काकू घरात आल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा धीर सुटला. पोराला काय वाटलं असेल, हा विचार त्यांची पाठ सोडेना.

आठवड्याने त्याचा फोन आला.

“आई, बातम्या पाहिल्या आम्ही. तोफ आमचीच होती.”

“रागावलास का रे?” काकूंनी कसंबसं विचारलं.

“‘लष्कराने टाकला’ म्हणाली असतीस, तर रागावलो असतो. गोळा पडल्यापासून आम्ही कोणी एकमेकांशी धड बोलत नव्हतो. तू ‘आपण’ म्हणालीस, आणि आमचे सुभेदार सगळ्यांसमोर रडले. मला म्हणाले, आईला माझा नमस्कार सांग.”

काकूंनी फोन कानाशी तसाच धरला, दार सताड उघडलं आणि समोरच्या वहिनींना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बाळा, पुन्हा सांग.”