अंबक्कांची वीट

अंबक्का कामावर येताना पिशवीत डब्याखाली एक वीट घेऊन यायच्या. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नीट शिवून घेतलेली. स्टुलावर बसल्या की ती पायांखाली सरकवायच्या, कंबर ताठ करायच्या आणि मगच चिमटा हातात घ्यायच्या. दर तासाला उठून, कमरेवर हात ठेवून मागे वाकायच्या ते वेगळंच.

बेंगळूरला विजेचे मीटर जुळवणारा आमचा कारखाना तेव्हा नवाच होता. मी पुण्याहून आलेला, पंचविशीचा, अंगात इंजिनियरकी मावत नसलेला. टेबलं-स्टुलं मी परदेशी नकाशाबरहुकूम करून घेतली होती. इंचांचे सेंटिमीटर करताना एका दशांशाचीही चूक नव्हती. त्यावर आपल्याकडच्या बायका बसणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं नाही. चाळीस जणींचे पाय अधांतरी लोंबत होते.

“अक्का, हे काय घरचं सामान आणता?” मी पहिल्यांदा विचारलं.

“सामान अल्ल, सामान नव्हे अण्णा, औषध आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचं घराणं तिथल्याच कॉटनपेठेत कित्येक पिढ्या राहिलेलं. मराठीत कन्नड विरघळलेलं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, तरी मला अण्णा म्हणायच्या. “पाय लोंबले की सगळा भार कमरेवर. पाय भुईला द्या, पाठ आपल्याला राहते.”

महिन्याभरात प्रत्येकीच्या पायाखाली वीट आली. “मीटरचा कारखाना की वीटभट्टी?” असं मी मोठ्यानं म्हणालो. लोक हसले. अंबक्काही हसल्या.

मग दिल्लीहून मोठे पाहुणे येणार असं कळलं आणि मी सगळ्या विटा उचलायला लावल्या.

“पाहुणे एक घंटा असणार, अण्णा. आम्ही आठ घंटे,” अंबक्का हळूच म्हणाल्या. “ते गेल्यावर परत ठेवू?”

“नाही. आता कायमच्या बंद.”

विटा परत आल्या असत्या तर माझी स्टुलं चुकली हे कबूल करावं लागलं असतं. खरं कारण तेवढंच होतं. अंबक्कांनी आपली वीट पुसून पिशवीत टाकली. “सरी, बरं,” म्हणाल्या आणि स्क्रू लावायला लागल्या.

तीन महिन्यांनी एका दुपारी त्यांना स्टुलावरून उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उचललं. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर मी प्रत्येक टेबलाखाली पाय टेकायला लाकडी फळी बसवून घेतली आणि वर अहवाल पाठवला. लोंबणारे पाय, कमरेवरचा भार, तासातासाला उठण्याची गरज. सगळं अंबक्कांचं, फक्त भाषा माझी. खाली सहीही माझीच. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. रजेवरून परतलेल्या अंबक्का टेबलाला धरून उभ्या होत्या. त्यांनीही वाजवल्या. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी गप्प बसलो.

फळी आली, पण त्यांची पाठ काही परत आली नाही. वर्षाच्या आत त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी माझ्या खोलीत आल्या. मी बसायला सांगितलं, तर म्हणाल्या, “बसले तर उठायला दोघं लागतील.” मग पिशवीतून वीट काढून माझ्यापुढे धरली.

“सगळ्यांना फळी केलीत अण्णा, बरं झालं. तुमचं टेबल तेवढं राहिलं. रोज बघते, तुमचे पण पाय लोंबतात. स्वल्प जपा.”

मी खाली पाहिलं. माझी साहेबी उंच खुर्चीही मी त्याच नकाशावरून करून घेतली होती.

ती वीट आजही माझ्या पायाखाली आहे. पाठीची माझी एकदाही तक्रार नाही. अहवालावरची सही मात्र माझीच राहिली.