खांबावरून उतरवलेला शिडीमामा

गल्लीतली पोरं त्याला शिडीमामा म्हणत, कारण खांद्यावर शिडी नसलेला मामा कुणी पाहिलाच नव्हता. घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढायच्या, तुटलेल्या जोडायच्या, हे त्याचं काम. माणूस सरळ, पण लोकांचा त्याच्यावरचा विश्वास पार उडाला होता.

झालं होतं असं. एकदा अफवांवरून गावात मारामारी पेटली. सरकारी कचेरीतल्या तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी नेट बंद केलं आणि जाहीर केलं, "तांत्रिक बिघाड आहे." बिघाड खरा वाटावा म्हणून त्यांनी मामाला चौकातल्या खांबावर चढवलं. बिचारा दिवसभर धडधाकट तारेला पक्कड लावत बसला. अशा गोष्टी कुठं झाकून राहतात? साहेब बदलून गेले, खापर मात्र मामावर फुटलं. पुढे तार खरोखर तुटली तरी लोक विचारत, "आज कुणी चढवलंय?" शेवटी बायको म्हणाली, "अहो, दुसरं काम बघा. मला चारचौघींत तोंड दाखवायची लाज वाटते."

आणि अशात पुन्हा अफवा, पुन्हा नेट बंद. कचेरीतून हेडक्लार्कचा निरोप आला, "शिडी घेऊन चौकात ये." नाही म्हणावं तर पोटावर पाय. गेला, शिडी लावली, चार पायऱ्या चढला.

चौकात साहेबांच्या जागी आलेल्या नव्या मॅडम उभ्या होत्या. "तुम्ही वर कशाला चाललात?"

"मॅडम, ते... बिघाड..."

"कसला बिघाड? उतरा खाली."

त्यांनी माइक घेतला. "तार तुटलेली नाही. नेट मी बंद केलंय. खोट्या व्हिडिओवरून काल माणसं मारली गेली असती. उद्या संध्याकाळी चालू करते. दवाखान्याचं, परीक्षेचं काम अडलं असेल तर माझ्या कचेरीत या. ओरडायचंय ना? माझ्यावर ओरडा, या माणसावर नको."

लोक ओरडलेच, मनसोक्त. मॅडम ऐकत उभ्या राहिल्या. दुसऱ्या संध्याकाळी नेट आलं नाही, तेव्हा परत त्याच चौकात येऊन म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला. सकाळी येईल." सकाळी आलं. नेट बंद करावं की नाही यावर लोक आजही त्यांच्याशी भांडतात, पण भांडतात ते समोरासमोर, आणि त्या सांगतील ते खरं धरून. मामा तर त्यांचे उपकार कधीच विसरायचा नाही. आभार मानायला गेला आणि नुसताच रडून आला.

मग एकदा ट्रकनं खरोखरच तार तोडली. मामा शेजारच्या काकूंच्या दारात चाचरत उभा राहिला. "काकू, तार तुटलीय हो. खरंच."

"तू म्हणतोस ना? मग तुटली असेल," काकू म्हणाल्या आणि नेटवर चालणारा, आता अडकलेला टीव्ही बंद करून कांदे चिरायला बसल्या.