तलावाकडे तोंड केलेला भोंगा

ज्या मशीनवर मी गिटार वाजवायला शिकलो ती लग्नात मंगलाष्टकं ऐकवण्यासाठी बनवलेली होती. गिटारबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. अॅम्प्लिफायर हा शब्द आमच्या गावात माझ्याशिवाय कोणी वापरत नसे. सगळे मशीनच म्हणायचे, आणि तिचा आवाज ऐकल्यावर मलाही तेच नाव बरोबर वाटायचं.

गाव पवनीच्या बाजूचं, घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. बा, त्याचा बा, त्याच्याही आधीचे, सगळे त्याच तलावात मासे धरत आलेले. मला पाण्यापेक्षा तारांची आवड. रेडिओ दुरुस्ती शिकलो आणि गावातल्या बिछायतवाल्याकडे ऑपरेटर म्हणून लागलो. बिछायतवाला म्हणजे लग्नकार्याला मंडप, सतरंज्या, मोठी भांडी आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारा. त्याच्या गोदामाचं छप्पर गळायचं, म्हणून लग्नसराई नसली की मशीन, बॅटरी आणि भोंगा असे तिघं आमच्या घरी मुक्कामाला असत. माय त्यांना पाहुणे म्हणायची आणि त्यांच्यावर वाळवणं घालायची.

गिटार आली जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधून. तिथल्या एका बाबूची बदली झाली होती आणि मी त्याचा रेडिओ नीट करायला गेलो होतो. ट्रकमध्ये एक तर गिटार राहील नाहीतर शिलाई मशीन, असा त्याच्या घरात निकाल लागलेला दिसला, कारण गिटार अंगणात भिंतीला टेकून उभी होती आणि बाबू तिच्याकडे बघत नव्हता. मजुरीच्या बदल्यात मी ती मागितली. त्याने मला उभ्याउभ्या तीन कॉर्ड दाखवले आणि म्हणाला, बाकीचे आपोआप येतील. ते आले नाहीत. पुढची दोन वर्षं मीच त्यांच्या मागे फिरत होतो.

तारांखाली चुंबकाची पट्टी असलेली ती विजेची गिटार. मशीनला जोडल्याशिवाय तिचा आवाज शेजारच्या कोंबडीलाही ऐकू जात नसे. आणि मशीनला जोडायला माझ्याकडे होता फक्त भोंगा. पहिल्या दिवशी भोंगा घरात लावला तेव्हा मायच्या हातातला कोपर, म्हणजे परात, खाली पडला आणि दोन घरांपलीकडची म्हातारी काठी घेऊन आली. मग मी तो पाळीवरच्या आंब्याच्या झाडाला बांधला, तोंड तलावाकडे करून. पाण्यात राहणारे तक्रार करायला येत नाहीत.

आवाज मात्र भिकार होता, यात दुमत नको. जुनी वाल्व्हची मशीन जळाल्यावर बिछायतवाल्याने ही ट्रान्झिस्टरची आणली होती. वजनाला हलकी, चालू केल्याबरोबर तयार, आणि बटण जरा जास्त फिरवलं की फाटलेल्या पत्र्यासारखी ओरडणारी. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण तिचा अर्थ ह्या मशीनने समजावला. बिछायतवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नाचता येईना, आंगन वाकडं. बाजूच्या गावात आयकू गेलं पाह्यजे. लोकाइले आवाज पाह्यजे, गोडी नाई."

त्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं ते बाचं.

बा फार बोलणारा माणूस नव्हता. गिटार यायच्या आधी त्याची संध्याकाळ ठरलेली होती. पाळीजवळ पाणी खोल, मोठी मासळी तिथेच, म्हणून तो जाळं आमच्या घरासमोरच टाकायचा आणि मग त्या आंब्याखालच्या दगडावर बसून बिडी ओढत फाटकी जाळी विणायचा. भोंगा झाडावर चढला आणि हे बदललं. मी बॅटरीला वायर लावली रे लावली, की बा दगडावरून उठायचा, जाळं डोंग्यात टाकायचा आणि बांबूने रेटत थेट तलावाच्या पलीकडे निघून जायचा. अंधार पडेपर्यंत परत यायचा नाही.

मायला विचारलं. ती म्हणाली, "तुया भोंग्यानं मच्छी भागते, म्हून जाते तो."

मला हे खरं वाटलं नाही. मासळीला कोणी विचारलं होतं? मला वाटलं, बाला माझं वाजवणं सहन होत नाही आणि सांगवतही नाही. मला फार लागलं ते. रागही आला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. माणूस सरळ होडी काढून तलाव ओलांडतो म्हणजे काय? त्या दिवसापासून मला एकच हवं होतं: बाने त्या दगडावर बसून एक गाणं, एकच, शेवटपर्यंत ऐकावं.

दोष माझ्या बोटांत असेल हे मी अर्थातच विचारात घेतलं नाही. मी आवाजाच्या मागे लागलो.

पहिला शोध असा की मी गिटार माइकच्या भोकात खुपसत होतो. माइकचा आवाज बारीक, म्हणून ते भोक त्याला दहा हातांनी वर ओढतं, आणि गिटार आधीच जोरात बोलणारी. शेजारी रेकॉर्ड प्लेअरसाठी दुसरं भोक होतं. त्यात घातली आणि अर्धा कर्कशपणा तिथेच बसला. मी आनंदाने बाहेर पाहिलं. डोंगा तलावाच्या मध्यावर होता, पलीकडे तोंड करून.

दुसरा शोध, ट्रान्झिस्टरच्या मशीनला अर्ध्याच्या वर नेऊ नये. वाल्व्हची मशीन ताणली की गोड फाटायची, ही ताणली की नुसती फाटते. आवाजाचं बटण खाली आणलं, तीक्ष्णपणाचं बटण त्याहून खाली. बा गेला.

मग गुणगुण. विजेवर लावली की मशीन सतत हं करत राहायची, कोणाचं तरी म्हणणं ऐकत असल्यासारखी. पाळीखालच्या ओल्या जमिनीत लोखंडी सळई ठोकून तिला अर्थिंग दिलं, आणि गुणगुण गेली. बाही गेला. साबणाच्या डबीच्या झाकणातून कापलेली नखी टाकून अंगठ्याच्या मांसाने वाजवायला लागलो, तार जरा मऊ बोलायला लागली. बाने डोंग्याला नवीन बांबू घेतला.

दुसऱ्या कोणाकडे आवाज मोजायला मीटर असेल, माझं मीटर तो डोंगा होता. काटा कायम एकाच टोकाला.

आणि त्यावर आणखी अपमान म्हणजे मासळी. पलीकडचा भाग उथळ, सगळा शिंगाड्याच्या वेलांनी भरलेला. तिथे जाळं टाकलं की वेलात अडकतं आणि हाताला येतात बोटाएवढ्या मासळ्या, मांस कमी आणि काटे जास्त. माय ताटात ते वाढताना रोज म्हणायची, "हे काय आनलं, चिल्लर?" बा खाली मान घालून काटे काढत राहायचा. हा माणूस काटे खाईल, पण माझी गिटार ऐकणार नाही, एवढाच अर्थ मला त्यातून काढता आला. मीही खाली मान घालून काटे काढायचो.

असं दोन पावसाळे गेले. शेवटी मला कळलं की मशीन अर्धीच गुन्हेगार आहे, खरा गुन्हेगार भोंगा. भोंगा बनवला आहे माणसाचा आवाज लांब फेकायला. खर्जाची तार त्याच्या घशातून उतरतच नाही. एका मेलेल्या रेडिओतून कागदी पडद्याचा चांगला वीतभर गोल स्पीकर काढला. आता त्याला बसवायला पेटी हवी. सुताराकडे जाण्याइतकं धैर्य नव्हतं. घरात धान साठवायची बांबूची ढोली होती, शेणामातीने लिंपलेली, कमरेएवढी उंच, आणि त्या वर्षी रिकामी. माय बाजाराला गेली होती.

भोक नीट गोल पडलं. आत राइस मिलमधून आणलेला कोंडा पोत्यात भरून ठेवला, म्हणजे आवाज आतल्या आत आपटत नाही. खर्जाची तार छेडली आणि मी हात काढून घेतला. आवाज माझ्या गुडघ्यांतून वर आला. जाड, गोल, शेवटपर्यंत टिकणारा. माझे डोळे भरून आले. काही प्रमाणात ते कोंड्यामुळेही असेल.

माय परत आली. "ढोली फोडली! आता धान कुठी भरू, तुया डोक्स्यात?" ती पुढे बरंच बोलली, पण त्या आवाजासाठी मी ते सगळं ऐकून घ्यायला तयार होतो.

भोंगा झाडावरून उतरवला. संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून ढोलीवर वाजवायला बसलो. बा डोंगा घेऊन गेला. ठीक आहे, म्हटलं, सवय आहे, अजून त्याला कळलं नसेल. दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. त्या तिसऱ्या दिवशी मी गिटार खाटेखाली सरकवली. आवाज चांगला झाला होता, आता दोष द्यायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. पण ते कबूल करायला एक दिवस कमी पडला, म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा वाजवायला बसलो.

त्या दिवशी उजेड असतानाच बा परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर कोरडं जाळं. दारात उभा राहिला.

"वाजवनं बंद काहून केलं?"

"बंद कुठं? वाजवूनच त राहिलो, बा."

"मले आयकू नाई आलं. चार दिवस झाले."

"कुठी आयकू नाई आलं?"

"तिकडे. शिंगाड्यात."

मी गिटार खाली ठेवली. "तू तिकडे आयकाले जात होता?"

बाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरगं शिकून वाया गेलं. "मंग कायले जाऊ? तिथी मच्छी हाय का?"

मग तोच सांगायला लागला, एवढं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "इथी बसलो त कान फाटते. पान्यावरून आला का गोड लागते. मधी मधी वारा घेऊन जाते, मंग परत आनून देते."

दुरून डोंगर साजरे, हे मला ठाऊक होतं. भोंग्यालाही ते लागू असतं हे ठाऊक नव्हतं. चिरका भाग पाण्यावरच मरत होता आणि उरलेलं काय ते पलीकडे पोचत होतं. दोन वर्षं मी बटणं फिरवत, सळया ठोकत जो आवाज शोधत होतो, तो रोज संध्याकाळी बाला फुकटात मिळत होता. फक्त त्यासाठी त्याला एवढा तलाव ओलांडावा लागायचा आणि काटे खावे लागायचे.

मी त्याला ढोलीसमोर बसवलं. चिखलाच्या पायांनी तो बसला आणि मी एक गाणं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो हलला नाही. हेच तर मला हवं होतं. संपल्यावर तो म्हणाला, "हे बी बरं हाय." पाहुण्यांच्या घरी रस्सा खारट झाला की तो ह्याच आवाजात बरं म्हणायचा. मग पोत्यातला कोंडा हाताने चाचपत म्हणाला, "पन हे इथल्या इथीच रायते."

ती ढोली पुढे भंडाऱ्याच्या ऑर्केस्ट्रात माझ्याबरोबर बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून फिरली आणि लोकांनी तिच्या आवाजाचं कौतुकही केलं. पण घरी मी दुसऱ्याच दिवशी भोंगा पुन्हा झाडावर चढवला, तोंड तलावाकडे. कानात कापूस घातला. बा डोंग्यात बसून गेला. जाळं मात्र त्याने न्यायचं सोडलं, आता सोंग कोणासाठी? जायच्या आधी आमच्याच पाळीजवळ टाकून जायचा, आणि घरात पुन्हा मोठी मासळी शिजायला लागली.

बा होता तोवर भोंगा त्या झाडावरून उतरला नाही. माझी सगळ्यात चांगली गिटार मी स्वतः कधीच ऐकली नाही, कारण वाजवताना मी नेहमी ह्या बाजूला असायचो आणि ती त्या बाजूला वाजायची. झाडाखाली नुसता पत्रा फाटत असायचा. एक गाणं संपलं की मी कापूस काढून पलीकडे बघायचो. शिंगाड्याच्या वेलात डोंगा थांबलेला असायचा आणि बा त्यात उभा राहून हातातला बांबू वर करायचा. बांबू वर झाला की मी तेच गाणं पुन्हा वाजवायचो.